उभ्या सभेचं कीर्तन

फरशी उखडली त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली, तर माझ्यावर अन्याय होईल. लोक नेमकं तेवढंच सांगतात. साताऱ्यात सांगतात, सांगलीत सांगतात, आणि मधल्या कऱ्हाडात तर ज्यांनी ती फरशी आयुष्यात पाहिलेली नाही तेही सांगतात. म्हणून मी थोडा मागे जातो आणि वल्लरी मॅडमनी माझ्या हातात पांढऱ्या फळ्यावरचा मार्कर दिला, त्या सकाळपासून सुरुवात करतो.

आमची कंपनी ठिबक सिंचनाची. शेतकऱ्याच्या रानात नळ्या पसरायच्या; त्या तुंबल्या, फुटल्या किंवा खारीनं कुरतडल्या, की तक्रार लिहून घ्यायची आणि माणूस पाठवायचा, एवढं काम. साताऱ्याच्या ऑफिसात आम्ही सातजण आणि सांगलीच्या ऑफिसात ते नऊजण. बावीस वर्षं मी साताऱ्याचा हेडक्लार्क. तक्रारींचं रजिस्टर माझ्या हातचं. त्यातलं अक्षर पाहून एका तपासनिसानं एकदा मला लग्नपत्रिकेचे पत्ते लिहायला घरी बोलावलं होतं.

आणि मग पुण्याच्या हेड ऑफिसला साक्षात्कार झाला, की सातारा आणि सांगली ही दोन ऑफिसं नसून ते मुळात एकच ऑफिस आहे, आणि ते कऱ्हाडजवळच्या मलकापुरात आहे. हायवेच्या कडेला एक हॉल भाड्यानं घेतला, त्याच्या मागे पाइपांचं गोदाम, आणि दोन्हीकडची मंडळी त्यात आणून सोडली. आम्ही उत्तरेकडून एसटीनं यायचं, त्यांनी दक्षिणेकडून. आल्याआल्या पहिलं भांडण कुणाला किती लांब पडतं यावर. सांगलीकर म्हणाले, आम्हाला जास्त. आम्ही म्हणालो, अंतर तुम्हाला जास्त असेल, पण खड्डे आम्हाला जास्त. यावर आठ दिवस गेले.

हॉलमध्ये डाव्या हाताला साताऱ्याची टेबलं लागली, उजव्या हाताला सांगलीची. मधे एक वाट राहिली. ती कुणी आखली नव्हती, पण ओलांडतही कुणी नव्हतं. फाइल पलीकडे द्यायची झाली, तर ती वाटेतल्या पाण्याच्या जारवर ठेवायची आणि खोकायचं. पलीकडच्यानं थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग पाणी प्यायला म्हणून उठायचं आणि फाइल उचलायची. त्या महिन्यात सांगलीकर फार पाणी प्यायले.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. ऑफिस एक झालं, पण हेडक्लार्क दोन राहिले. दुसरे म्हणजे सांगलीचे नानासो. सहा फूट उंच, आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. वल्लरी मॅडम आमच्या नव्या मॅनेजर. वय तिशीच्या आत, राहणार पुण्यात, दर्शन मोबाइलवर. त्यांनी पहिल्याच दिवशी स्क्रीनवरून सांगून टाकलं, "टीम लीडर एकच असणार. पुढच्या महिन्यात अठ्ठावीस तारखेला मी स्वतः येऊन दोघांची नव्या ॲपवर चाचणी घेईन. जे पास होतील ते इथे. दुसऱ्यांना आटपाडीच्या गोदामावर जावं लागेल."

आटपाडीबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. डाळिंब उत्तम होतं. पण साताऱ्याहून आटपाडीला रोज जाऊन येणं जमत नाही. तिथे खोली घेऊन राहायचं म्हणजे आमच्या पेठेतल्या देवळातलं गुरुवारचं कीर्तन सुटलं. तेवीस वर्षांत मी ते तीनदाच चुकवलं आहे. दोनदा ताप होता आणि एकदा मेव्हण्याचं लग्न, तेही बायको दारात आडवी उभी राहिली म्हणून. बुवा उभे राहिले, पहिल्या नमनाला पेटीचा सूर भरला आणि बुक्क्याचा वास आला, की माझ्या आठवड्याचा सगळा कचरा वाहून जातो. हे ज्याला कळतं त्याला कळतं. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी मी मनातल्या मनात प्रार्थना करतो. थोडक्यात, अठ्ठावीस तारखेला माझा गुरुवार पणाला लागला होता.

तर तो मार्कर. मॅडम मलकापूरचं ऑफिस पाहायला आल्या होत्या. त्यांनी ती वाट पाहिली, तो जार पाहिला, आणि म्हणाल्या, "तुम्ही लोक एकमेकांशी बोलतच नाही! उद्यापासून रोज सकाळी दहाला स्टँड-अप. सगळे उभे राहणार, एकजण बोलणार, पंधरा मिनिटं. विषय, बदल आपलासा कसा करायचा, आणि नवं ॲप. पहिला पंधरवडा गंगाधर सर चालवतील, दुसरा नानासो सर." आणि मार्कर माझ्या हातात.

मी परतीच्या एसटीत विचार केला. एकजण उभा राहून बोलतो, बाकीचे ऐकतात, विषय माणसाच्या उद्धाराचा. पुण्यात याला स्टँड-अप म्हणत असतील. आमच्याकडे याला कीर्तन म्हणतात. मला इतका आनंद झाला, की मी उंब्रजला उतरणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांची पिशवी खाली उतरवून दिली.

घरी बायकोला, म्हणजे उमाला, सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "तुम्ही कीर्तन ऐकता. करत नाही."

"तेवीस वर्षं ऐकतोय, उमा."

"रोज जेवणारा माणूस आचारी होत नसतो," ती म्हणाली आणि पोळी उलटली.

अशा वेळी माणूस शेजाऱ्याकडे जातो. आमचे शेजारी बाळासो फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडे एकच उत्तर असतं, आणि ते उभं राहून द्यायचं असतं. त्यांनी मला अंगणात उभं केलं. "गंगाधरराव, टीम म्हंजे सेक्शन. सुबह फॉल-इन घ्या. कोन कुटं हुबा ऱ्हातो त्यावर निम्मी लढाई असती. उंचीनं लाइन लावा. उंच माणूस म्होरं. सिंपल!"

मी दुसऱ्या दिवशी उंचीनं लाइन लावली. नानासो सगळ्यांत पुढे आले. सभा चालवणारा मी शेवटून दुसरा आलो. माझ्यामागे फक्त धोंडुबाई.

धोंडुबाई चौदा वर्षं सांगलीच्या तक्रारीच्या फोनवर. माहेर आटपाडीकडचं, मेंढपाळाच्या घरातलं. शेकडो मेंढरांतून आपलं कोकरू ओळखणाऱ्या घरातली बाई. नुसत्या 'हॅलो'वरून शेतकऱ्याचं नाव, गाव आणि बायकोशी भांडण झालंय का, हे सांगायच्या. गुडघे मात्र गेलेले. पंधराव्या मिनिटाला त्या मागून म्हणाल्या, "साहेब, हुबं ऱ्हायाला इठोबाला ईट तरी मिळाली. आमाला त्ये बी न्हाई व्हय?"

सगळे हसले. सातारकर हसले आणि सांगलीकरही हसले, आणि ते एकाच वेळी हसले, हे मी टिपून ठेवलं. मला मुद्दा पटला. कीर्तनाला श्रोते बसलेलेच हवेत. उभा श्रोता म्हणजे निघालेला श्रोता. म्हणजे सतरंजी हवी.

इथून पुढे जे झालं त्यात माझा दोष किती, हे वाचकांनीच ठरवावं.

बावीस वर्षं मी मागणी कशी करत होतो? कोरा कागद, वर 'सविनय', खाली 'आपला विश्वासू', मधे हवी ती वस्तू. आता मागणी ॲपमधूनच. मी ॲप उघडलं. वस्तूंची यादी आली. खुर्ची होती, पंखा होता, पाण्याचा जार होता, सतरंजी नव्हती. बरंच शोधल्यावर 'फ्लोअर कव्हरिंग' दिसलं. जमिनीवर घालायचं आवरण. म्हणजे सतरंजीच की! पुढे विचारलं, लांबी-रुंदी? हॉलच्या लांबी-रुंदीची सतरंजी असेल तर उत्तमच, म्हणून ती भरली. पुढे विचारलं, जुनं आवरण अस्तित्वात आहे का? मला साताऱ्याच्या ऑफिसातली सतरंजी आठवली. एका सत्यनारायणाला तिच्यावर उदबत्ती पडली होती. मी 'होय' दाबलं. स्थिती? 'अत्यंत खराब.' निकड? सभा उद्या दहाला. 'तातडीचे.'

चार मिनिटांत मंजुरी आली. साध्या टाचण्या मिळायला ज्या हेड ऑफिसात एक ऋतू जातो, ते भक्तिमार्गाच्या कामात इतकं तत्पर पाहून मला गहिवरून आलं.

सकाळी नऊला आम्ही एसटीतून उतरलो, तर हॉलमधून ढगफुटीसारखा आवाज. ठेकेदाराची चार माणसं आत, दोन ब्रेकर चालू, आणि निम्मी फरशी उखडलेली. नेमकी सांगलीच्या बाजूची. नानासो दारात उभे, मिशीवर सिमेंट.

"ही साताऱ्याची पद्धतच हाय," ते म्हणाले. "आदी दुसऱ्याच्या पायाखालचं काढायचं."

मी मुकादमाकडे धावलो. "अहो थांबवा! मी सतरंजी मागितली होती!"

त्यानं खिशातून मोबाइल काढून माझीच मागणी मला वाचून दाखवली. 'जुने आवरण अत्यंत खराब.' 'तातडीचे.' खाली माझं नाव. "साहेब, मी बारा वर्षं फरशीच काढतूय," तो शांतपणे म्हणाला. "सतरंजीला ब्रेकर लागत न्हाई, येवडं मला बी कळतंय. पर कागद कागद हाय. थांबवायचं आसंल तर ॲपमदनं थांबवा."

मी ॲप उघडलं. 'रद्द करा' हे बटण राखाडी झालेलं. खाली बारीक अक्षरात: काम सुरू होण्यापूर्वीच रद्द करता येईल. आता एकच बटण जिवंत होतं, 'काम पूर्ण'. मी म्हटलं, निदान आवाज तरी थांबेल, आणि दाबलं.

आवाज थांबला. मुकादमाच्या मोबाइलवर टिंग झालं. त्यानं पाहिलं, माणसांना हाक मारली, ब्रेकर टेम्पोत चढवले आणि निघाला. "अहो, निम्मी उखडलीय! नवी कोण घालणार?" मी टेम्पोमागे धावत विचारलं. त्यानं मान बाहेर काढली. "काम पूर्ण झालंया, साहेब. तुमीच लिवलंया की!"

मी लगेच नव्या फरशीची मागणी घातली. उत्तर आलं: 'या जागेचे काम नुकतेच पूर्ण झाले आहे. पुढील मागणी पाच वर्षांनंतर करावी.' हेड ऑफिसला फोन केला. तिथल्या मुलीनं सांगितलं की तक्रार ॲपवर करा. ॲपवर केली. ती फिरून तक्रार विभागाकडे आली, म्हणजे आमच्याकडे, आणि तिथे ती सोडवण्याची जबाबदारी म्हणून माझंच नाव आलं. अध्यात्मात जीव फिरून फिरून स्वतःपाशीच येतो असं सांगतात. तो अनुभव इतका कोरडा असेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी सगळी टेबलं उचलून मागच्या गोदामात न्यायची ठरली. गोदामात पाइपांची भेंडोळी छतापर्यंत. जिथे फट मिळाली तिथे टेबल घुसवलं. सांगलीच्या हिशेबनिसाच्या कुशीत साताऱ्याची टपालवाली बसली. आमचा साताऱ्याचा मेकॅनिक ज्योतिबा सांगलीच्या कपाटाला टेकला. मधली वाट राहिली नाही आणि पाण्याचा जार मावला नाही, तेव्हा फाइल द्यायला तोंड उघडण्याशिवाय इलाज उरला नाही. "जरा सरका की!" हे सातारा आणि सांगली यांच्यातलं पहिलं अधिकृत वाक्य.

सतरंजीचा प्रश्न मात्र आपोआप सुटला. काळ्या नळ्यांच्या भेंडोळ्यावर माणूस फार छान बसतो. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मंडळी भेंडोळ्यांवर बसली, मी मधे उभा राहिलो, गळ्यात उपरणं घातलं, घरून आणलेले टाळ हातात घेतले, आणि नमन करून विषय मांडला: देव गोकुळ सोडून मथुरेला गेले, ती जगातली पहिली बदली. गोकुळाचा सगळा स्टाफ रडला. पण देव काय म्हणाले? देव म्हणाले, काम तिकडे आहे. मला वाटतं, मी बरा बोलत होतो. गोकुळातल्या गाईंचं रजिस्टर कुणाकडे दिलं असेल, या भागाला तर टपालवाल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

घोटाळा टाळांनी केला. बोलता बोलता ते वाजवायचे असतात, आणि माझं बोलणं एकीकडे तर टाळ दुसरीकडे. तिसऱ्यांदा ताल चुकला तेव्हा समोर हाताची घडी घालून बसलेले नानासो ताडकन उठले. मला वाटलं, आता मार खायचा.

"आवं गंगाधरराव, ते टाळ हायत का पोळपाट-लाटणं? आना हिकडं!"

नानासो सांगलीत तीस वर्षं भजनी मंडळात टाळ धरतात, हे मला तेव्हा कळलं. बेसूर माणूस त्यांना चालतो, बेताल चालत नाही. ते माझ्या मागे उभे राहिले, टाळ घेतले, आणि तो पहिला ठोका असा पडला की गोदामाच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. ज्योतिबानं फिल्टरचा रिकामा ड्रम पायात धरून ठेका दिला. माझं बोलणं एकदम रस्त्याला लागलं. पंधरा मिनिटांची सभा पन्नास मिनिटं चालली. शेवटी सोळा माणसं एका सुरात गजर करत होती आणि गोदामाबाहेर एक ट्रकवाला चप्पल काढून उभा होता.

मॅडमनी हे पुण्याहून मोबाइलवर पाहिलं. मग म्हणाल्या, "ॲपबद्दल काही बोललात का?"

"उद्या उत्तररंगात येतंय, मॅडम."

"ओके. पण सगळे हजर आहेत. चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

मग रोजच सुरू झालं. पंधरा दिवस मी उभा आणि नानासो माझ्यामागे. पुढचे पंधरा दिवस नानासो उभे आणि मागे मी. आमची मैत्री झाली असं कुणी समजू नये. अठ्ठावीस तारीख दोघांनाही आठवत होती. सभा संपली की ते 'आटपाडीला हवा लय चांगली' असं हवेत बोलायचे, आणि मी 'तिथं डोळ्यांचे विकार कमी होतात म्हणे' असं भिंतीला सांगायचो. पण ऑफिसातली भांडणं आता सातारा-सांगली अशी न राहता माणसामाणसांत होऊ लागली. डब्यात कुणाचा हात गेला, पंखा कुणाकडे फिरवला, अशी. मी याला प्रगती मानतो.

अठ्ठावीस तारखेला सकाळी चहा घेताना उमानं विचारलं, "ॲप येतं ना तुम्हाला?"

"पंधरा दिवस त्याच्यावरच बोललो मी. एकदा तर त्यावर आर्या रचून म्हटली."

"बोललात ते कळलं. येतं का?"

फरशीच्या प्रकरणानंतर मी त्या ॲपला हात लावलेला नव्हता. बदलावर मी गोकुळ सांगितलं, मथुरा सांगितली, घरट्यातून उडणारं पाखरू सांगितलं. मोबाइल मात्र सभेच्या वेळी खिशात असायचा, तोही बंद करून. उमानं माझ्याकडे पाहिलं, आणि डब्यात एक लाडू जास्त घातला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर माणसाला अशा लाडवाचा अर्थ कळतो.

मॅडम साडेदहाला आल्या. आधी हॉलमध्ये शिरल्या आणि उंच टाचांवर उखडलेल्या जागेत थबकल्या. "हे काय आहे?"

"काम पूर्ण झालंय, मॅडम," नानासो गंभीरपणे म्हणाले. "ॲपवर बगा."

चाचणी गोदामातच घ्यायची ठरली. सगळे भेंडोळ्यांवर बसले. मधे टेबल, टेबलावर टॅब, स्पीकरवर ठेवलेला फोन. खऱ्या शेतकऱ्याचा फोन घ्यायचा, तक्रार ॲपमध्ये भरायची, मेकॅनिक नेमायचा, तारीख द्यायची. दहा मिनिटं. पहिला नंबर माझा.

फोन आला. रहिमतपूरचे अर्जुना म्हणून शेतकरी. "आवं साहेब, माज्या आल्याच्या शेवटच्या सा वळीस्नी पानीच पोचंना! पाक वाळाय लागलंया!"

"घाबरू नका," मी म्हणालो, आणि टॅबकडे पाहिलं. टॅबनं माझ्याकडे पाहिलं. त्यावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. घाम कानामागून उतरला. एक मिनिट गेलं. अर्जुना म्हणाले, "साहेब, हायसा न्हवं?" दोन मिनिटं गेली. मला गुरुवार दिसू लागला. देऊळ, पेटी, आणि मी नेहमी बसतो त्या खांबाशी दुसराच कुणीतरी बसलेला.

आता इथे कीर्तनाची एक रीत सांगायला हवी. बुवांच्या मागे जे टाळ घेऊन उभे असतात, त्यांचं काम नुसतं वाजवायचं नसतं. बुवांना चरण आठवला नाही, दम लागला, मन भरकटलं, की मागच्यांनी पुढचा शब्द उचलून धरायचा. श्रोत्यांना कळूसुद्धा द्यायचं नाही. तीस वर्षं मागे उभा राहिलेला माणूस हे विचार करून करत नाही. पुढचा अडला की मागच्याचं तोंड उघडतंच.

"वरच्या तीन रेघाऽ," मागून विहिरीतला आवाज आला.

नानासो! मी बोट तीन रेघांवर ठेवलं. यादी उघडली. पुन्हा अडलो. "'नवी तक्रार' दाबा होऽ," ज्योतिबा. मग टपालवाल्या बाई, मग सांगलीचे हिशेबनीस: "पीक निवडा, पीकऽ", "आलं खाली हाय, सरकवाऽ". सातारा म्हणेना, सांगली म्हणेना, माझ्याखेरीज पंधराच्या पंधरा. नवव्या मिनिटाला टॅबवर हिरवी टिकली आली. अर्जुना म्हणाले, "लय उपकार झालं, साहेब. पर तुमच्यात भजान चाललंय का?"

मी वळून पाहिलं. नानासोंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. आपण काय केलं हे त्यांना आत्ता कळत होतं.

"ही वैयक्तिक चाचणी होती," मॅडम म्हणाल्या.

मग नानासोंची पाळी. मी मनाशी ठरवलं, एक शब्द बोलायचा नाही. इष्टदेवतेची शपथ घेतली. नानासोंनी तक्रार भरली, पीक भरलं, आणि मेकॅनिकच्या नावापाशी त्यांचं मोठं बोट हवेत थांबलं. त्याच पायरीवर थोड्या वेळापूर्वी मलाही हात मिळाला होता. मी दात आवळले. उपरण्याचं टोक तोंडात घातलं. नानासोंच्या मानेवरून घामाचा एक थेंब निघाला आणि कॉलरपर्यंत आला.

"यादी खाली ओढाऽ," उपरण्यातून आवाज आला. तो माझाच होता.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "दोघंही बाद."

नानासो माझ्याकडे पाहत होते, मी त्यांच्याकडे. आटपाडीत खोली भाड्यानं घ्यायची तर दोघांत एक परवडेल, असा एक विचार माझ्या मनात आला. त्यांच्याही आला असावा, कारण ते शहारले.

"पण मला एक सांगा," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही वेळा एक आवाज सगळ्यांच्या आधी येत होता. हळू. तो ऐकून मग बाकीचे ओरडत होते. तो कुणाचा?"

कुणी काही बोलायच्या आत तक्रारीचा फोन वाजला, आणि मागच्या कोपऱ्यातून धोंडुबाईंनी तो उचलला. आवाज तोच, हळू.

"हॅलो. कोन? रंगूबाई व्हय? बोला की. खारीनं? कुटली नळी खाल्ली, बांदाकडची का हिरीकडची? आसं. डाळिंबाला कळ्या धरल्यात न्हवं? मग उशीर नगं." बोलता बोलता त्यांचा अंगठा मांडीवरच्या दुसऱ्या टॅबवर असा चालला होता, जसा कोथिंबीर निवडताना चालतो. "मानूस उद्या नवाला येतूय. च्या ठिवा, पर बिनसाखरंचा. त्याला साखर झालीया." फोन ठेवला. मॅडमनी मागे जाऊन टॅब पाहिला. हिरवी टिकली. पावणेदोन मिनिटं.

"धोंडुबाई, हे तुम्ही कधी शिकलात?"

"ह्येंचं रोज कीर्तान चालायचं की," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "फोन सोडून मला म्होरं बसता येत न्हाई. मागं बसून कराय काय हुतं? शिकले."

मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. पण मी लगेच सावरलो आणि मॅडमना नम्रपणे सांगितलं की कीर्तनाचं फळ कुणाला कोणत्या रूपानं मिळेल हे सांगता येत नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी टीम लीडरच्या रकान्यात धोंडुबाईंचं नाव लिहिलं.

टाळ्या झाल्या. नानासोंनीही वाजवल्या, आणि त्याही तालात. मग मॅडम आमच्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा थोडा पडला होता. मुलगी मनानं वाईट नाही. "नियमानं इथे आता हेडक्लार्कचं पद नाही. दोघांनाही आटपाडीला..."

"थांबा जरा," धोंडुबाई म्हणाल्या. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या. "टीम माजी हाय न्हवं आता?"

"हो."

"मग मानसं मी मागनार." त्यांनी टॅब उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि दाबायला सुरुवात केली. "मनुष्यबळाची मागनी. किती? दोन. कवापास्नं? आजपास्नं. कारन..." त्या थांबल्या. आम्हा दोघांकडे नीट पाहिलं. बाजारात मेंढरू घेताना पाहावं तसं, दातांपासून खुरांपर्यंत. मग एकेक अक्षर शोधत कारण भरलं. मॅडमनी खांद्यावरून वाकून ते मोठ्यानं वाचलं:

"'दोघंबी पायजेत. येक बोलायला आन येक त्याला गप करायला.'"

मॅडमना हसू आवरेना. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ठीक आहे, मी मंजूर करते. पण यातलं बोलायचं कुणी आणि गप्प करायचं कुणी?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. त्यावर ज्येष्ठतेचा मुद्दा होता, पूर्वपरंपरेचा होता, आणि साताऱ्याच्या मानाचा तर होताच. मी बोलायला तोंड उघडलं. त्याच क्षणी नानासोंनीही उघडलं.

"पाळीपाळीनं," धोंडुबाई म्हणाल्या, आणि वाजणारा फोन उचलला.